दुसरी गाडी इलेक्ट्रिक घ्यावी, की घ्यावीच नाही?

मुठाकाठ

मंडळी, सल्ला हवाय. थोडा वादही चालेल.

आम्ही कर्वेनगरला राहतो. घरात एक जुनी पेट्रोल हॅचबॅक आणि एक स्कूटर. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीला, माझं खराडीला, म्हणजे एकाचं तोंड पश्चिमेला तर दुसऱ्याचं पूर्वेला. मी नळ स्टॉपहून मेट्रोने रामवाडीला उतरते आणि पुढे शेअर रिक्षा करते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गाडी नवरा नेतो. पण सासूबाईंचा दवाखाना, लेकीचा क्लास, शनिवारची कामं यात एक गाडी पुरत नाही, म्हणून घरात ठराव आलाय की दुसरी घेऊ. वर त्याला जोड अशी की इलेक्ट्रिक घेऊ, म्हणजे पर्यावरणाचा प्रश्नच मिटला.

तो मिटतो का, हे मी कागदावर मांडून बघितलं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आमची गाडी शहरात १४ चं ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला १६५ ग्रॅमच्या आसपास. इलेक्ट्रिक गाडी शहरात एका युनिटला सात किलोमीटर जाते असं धरू. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, त्यामुळे युनिटमागे सुमारे ०.७ किलो. चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला ११० ते ११५ ग्रॅम. म्हणजे तिसरा हिस्सा वाचला. हे चांगलंच आहे, पण शून्य नव्हे.

आता त्याच जुन्या पेट्रोल गाडीत नवऱ्याशेजारी वारज्याचा एक सहकारी बसवा. माणशी ८२ ग्रॅम. तिसरा बसला तर ५५. एकट्याने चालवलेल्या ईव्हीपेक्षा दोघांची पेट्रोल गाडी सरस ठरते! शिवाय चांदणी चौकात ईव्हीची हिरवी नंबरपाटी असली म्हणून गाडी कमी जागा अडवत नाही.

तर पर्याय तीन दिसतात. दुसरी गाडी ईव्ही घ्यायची. किंवा आहे त्या गाडीत माणसं भरायची आणि अडीनडीला सेल्फ ड्राइव्ह भाड्याने आणायची. किंवा शेजाऱ्यांबरोबर मिळून एक गाडी ठेवायची. कुणी यातलं काही केलंय का? ‘अमकं मॉडेल घ्या, तमकं नको’ यासाठी दुसरे धागे भरपूर आहेत, इथे ते नको.

सदाशिव_तीस

पार्किंग किती आहेत? एकच असेल तर वरचं सगळं गणित वाया. दुसरी गाडी रस्त्यावर लावणार आणि चार्जिंगची वायर तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडणार का?

मुठाकाठ

काका, एकच आहे. दुसरं बिल्डिंगच्या मागे ‘ॲडजस्ट’ होईल असं चेअरमन म्हणतात.

चाकणकर

गाड्यांच्या धंद्यात आहे, म्हणून लिहितो. मुठाकाठताई, तुमचे आकडे ठीक आहेत, फक्त दोन गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट, कार्बन म्हणजे सगळा धूर नव्हे. कर्वे रोडवर सिग्नलला उभ्या राहणाऱ्या माणसाच्या नाकात जे जातं ते नळकांड्यातून येतं, आणि ईव्हीला नळकांडंच नाही. कोळशाचा धूर निघतो तो दूर औष्णिक केंद्राच्या चिमणीतून. चंद्रपूरकरांनी यावर रागावावं, त्यांचा हक्क आहे. पण पुण्याची हवा या गाड्यांनी सुधारते एवढं खरं. ब्रेकची धूळही कमी, कारण वेग कमी करताना मोटरच जनरेटरसारखी चालून बॅटरीत वीज भरते. टायरची धूळ मात्र तशीच राहते. बॅटरीमुळे गाडी जड असल्याने थोडी जास्तच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बॅटरी बनवताना पुष्कळ ऊर्जा लागते. शोरूममधून बाहेर पडते तेव्हा ईव्हीच्या नावावर पेट्रोल गाडीपेक्षा जास्त कार्बन जमा असतो आणि तो रोजच्या धावण्यातून हळूहळू फिटतो. पैशाचं गणितही नेमकं असंच. घेताना महाग, चालवताना स्वस्त. घरच्या विजेवर किलोमीटरला दीड-दोन रुपये, बाहेरच्या फास्ट चार्जरवर तीन-साडेतीन, पेट्रोलवर सातच्या पुढे. म्हणजे ईव्ही ही पळवायची वस्तू आहे. शनिवारी भाजी आणायची आणि आठवडाभर कव्हर घालून ठेवायची, तर तिचा कार्बनही फिटत नाही आणि पैसेही वसूल होत नाहीत. दिवसभर पाच-सहा जणांच्या हातून फिरणारी गाडी असेल तर मात्र ती इलेक्ट्रिकच हवी. म्हणून ‘ईव्ही की शेअरिंग’ असा सामना लावण्यात मला अर्थ दिसत नाही, ते एकमेकांना लागूच आहेत.

वडाप_सातारा

पुण्यात शेअरिंगवर चर्चासत्र भरलेलं बघून मौज वाटली. आमच्याकडं आख्खा जिल्हा वडापवर, म्हणजे शेअर जीपवर चालतो. जीप भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळं माणशी कार्बन तर जगात सगळ्यात कमी आमचाच असणार. 😄

तुमच्याकडेही पुणे स्टेशनवरून दादरला शेअर टॅक्सी जात होत्याच की. चार अनोळखी माणसं, लोणावळ्याला चहा, आणि उतरेपर्यंत एकाची दुसऱ्याकडं सोयरीक निघालेली. कसलं ॲप नाही अन् कसलं रेटिंग नाही.

लालपरी

+१. आणि गाडीच्या नादात सगळ्यात मोठं शेअरिंग विसरू नका. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली. १ जून २०२२ ला त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही इलेक्ट्रिक बस सुरू झाली. दादर-पुण्याला आता ई-शिवनेरी आहे. पुण्याच्या शहर बससेवेच्या, म्हणजे पीएमपीच्या ताफ्यात २०१९ पासून ई-बस आहेत. बारा मीटरची ई-बस किलोमीटरला साधारण एक-सव्वा युनिट खाते. आत चाळीस माणसं असतील तर माणशी वीसेक ग्रॅम. कुठलीही कार जवळपास फिरकत नाही.

सदाशिव_तीस

चाळीस माणसं असतात हो. बसही असते. दोघांची वेळ जुळत नाही, एवढंच.

अवांतर: पूर्वी टेल्कोच्या, म्हणजे टाटांच्या मोटार कारखान्याच्या बसवर लोक घड्याळ लावत. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, सगळीकडून पिंपरीला भरून जायच्या. आज हिंजवडीच्या कंपन्यांतले लोक एकेकटे गाडीत बसून जातात आणि वर संध्याकाळी ट्रॅफिकवर पोस्टी टाकतात. मुठाकाठताई, यजमानांच्या कंपनीची बस नाही का?

मुठाकाठ

होती. घरून काम सुरू झालं तेव्हा बंद झाली, ती परत आलीच नाही. आता आठवड्यातले काही दिवसच बोलावतात, तेही प्रत्येक टीमला वेगळे. त्यामुळे बस भरत नाही, असं म्हणतात.

आल्प्सवाली

मूळची एरंडवण्याची, सध्या झुरिकजवळ. इथली पद्धत लिहिते, पटली तर घ्या.

इथे मोबिलिटी नावाची सहकारी संस्था आहे. १९८७ मध्ये दोन छोट्या गटांनी मोजक्या गाड्या सामाईक वापरायला सुरुवात केली, १९९७ मध्ये ते एकत्र आले. लाल गाड्या रेल्वे स्टेशनांवर उभ्या असतात. फोनवरून बुक करायची, कार्डाने किंवा फोनने दार उघडायचं, काम झालं की जिथून घेतली तिथेच आणून लावायची. तासाचे आणि किलोमीटरचे पैसे. विमा, टायर, सर्व्हिसिंग, सगळं संस्थेकडे. आमच्याकडे गाडी नाही आणि अडत नाही. पण यातली ग्यानबाची मेख अशी की हे चालतं ते रेल्वेमुळे. नव्वद टक्के काम आगगाडी, ट्राम आणि पायांनी होतं, गाडी उरलेल्या दहासाठी. सार्वजनिक वाहतूक धड नसेल तिथे नुसत्या सामाईक गाड्या आणून ठेवल्या तर लोक त्याकडे टॅक्सी म्हणूनच बघतात.

उलटं उदाहरण पॅरिसचं. २०११ मध्ये तिथे ‘ऑटोलिब’ सुरू झालं. सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक, रस्त्याकडेला चार्जर, इथून घ्या नि तिथे सोडा. गाजावाजा प्रचंड झाला. मग गाड्या आतून घाण राहू लागल्या, तोटा वाढत गेला, आणि २०१८ च्या जुलैत कारभार आटोपला. गाडी इलेक्ट्रिक होती म्हणून वाचली नाही.

औंधचा_अण्णा

पॅरिस कशाला, आपल्याकडे २०१७-१८ ला औंधात आणि विद्यापीठात भाड्याच्या सायकली आल्या होत्या त्या आठवा. काही दिवस हौसेने सगळे फिरले. नंतर कुलपं तोडलेल्या, चाकं वाकलेल्या सायकली फुटपाथवर. ‘सगळ्यांची’ म्हणजे आपल्याकडे ‘कुणाचीच नाही’. गाड्यांचं वेगळं काय होणार?

आल्प्सवाली

अण्णा, म्हणूनच मला अनोळखी गर्दीपेक्षा सोसायटीपुरतं शेअरिंग जास्त शक्य वाटतं. सीटवर सॉस कुणी सांडला ते निदान कळेल तरी.

तीन_बिऱ्हाडं

मला बोलावलंच समजा. आमच्या इमारतीत तीन कुटुंबांनी मिळून एक छोटी ईव्ही घेतली आहे. जागा सहकारनगर, माणसं निवृत्त आणि अर्धनिवृत्त. कुणालाच रोज गाडी लागत नव्हती आणि प्रत्येकाच्या दारात एकेक धूळ खात उभी होती. तिन्ही विकल्या.

आरसी बुकावर नाव एकाचंच आहे, ते आमचं. विमा, फास्टॅग, सगळं आमच्या नावे. त्यामुळे ई-चलनही आमच्याच फोनवर येतं. पहिलं भांडण त्यावरूनच झालं: लक्ष्मी रोडला नो पार्किंगमध्ये कुणी लावली? तेव्हापासून किल्लीच्या खुंटीशेजारी वही टांगली. नेणाऱ्याने तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा लिहायचा. चलन आलं की वही उघडायची.

दुसरा नियम, वीस टक्क्यांच्या खाली चार्ज ठेवून गाडी परत लावायची नाही. पेट्रोलची गाडी रिकामी मिळाली तर माणूस पंपावर जाऊन पाच मिनिटांत मोकळा होतो. ईव्ही रिकामी मिळाली की दवाखान्याची वेळ चुकते. हा नियम मोडणाऱ्याला आम्ही आळीपाळीने सर्वांदेखत ऐकवतो, इलाज चांगला आहे.

खरी परीक्षा दिवाळीत. पाडव्यापर्यंत निभतं, पण भाऊबीजेला तिन्ही घरांना बहिणीकडे जायचं असतं. एक पौडला, एक हडपसरला, एक तळेगावला. चिठ्ठ्या टाकतो. ज्यांना मिळत नाही त्यांच्या कॅबचे पैसे सामाईक खात्यातून. हा खर्च धरूनही तीन गाड्यांच्या विम्यापेक्षा, सर्व्हिसिंगपेक्षा स्वस्त पडतं. मात्र एक सांगते, हे कागदावर चालत नाही, स्वभावावर चालतं. चौथं कुटुंब यायला तयार होतं. आम्ही गोड बोलून टाळलं.

अबोली_प

तीन_बिऱ्हाडं, ‘स्वभावावर चालतं’ याला मोदक, म्हणजे अनुमोदन!

मी बावधन ते हिंजवडी कारपूल करते, चालवणारी मीच. बाईमाणसाच्या नजरेतून लिहिते, कारण वर सगळ्यांनी कार्बन मोजला, हे कुणी मोजलं नाही. अनोळखी माणसाला ॲपवरून गाडीत घ्यायला मी तयार नाही आणि अनोळखी गाडीत बसायलाही नाही. आमचा गट एकाच कंपनीतला आहे, आयकार्ड बघून घेतलेला. त्यात दोघी बायका, दोघे पुरुष. संध्याकाळी उशीर झाला तर कुणीही दुसरीला एकटी सोडून निघत नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवून घेतलं.

बाकीचे नियम हळूहळू झाले. ठरलेल्या जागी पाच मिनिटं थांबायचं, मग गाडी सुटणार. ‘खाली येतोय’ असा मेसेज टाकणारा माणूस अजून आंघोळीला जायचा असतो हे गृहीत धरायचं. फोनवर बोलायचं तर हळू, आणि ऑफिसचे कॉल स्पीकरवर मुळीच नाही. डबे बंद. सकाळी बातम्या नकोत, राजकारण तर नकोच नको. पैसे महिन्याच्या शेवटी, पेट्रोल भागिले डोकी. त्यात मी चालकाचा मोबदला लावत नाही, कारण तो लावला की मी ड्रायव्हर आणि ते गिऱ्हाईक, असं होतं.

एवढं करूनही आठवड्यात एखादा दिवस एकटीने जावं लागतं. कुणाची मीटिंग, कुणाचं मूल आजारी. तेवढी ढील ठेवली तरच गट टिकतो.

काळा_कोट

अबोलीताई मोबदला घेत नाहीत हे कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचं आहे. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नाही, त्यासाठी मोटार वाहन कायद्याखाली परमिट लागतं. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीतही ‘भाडं घेऊन वापर’ वगळलेला असतो. अपघात झाला आणि कंपनीने हा मुद्दा काढला की पंचाईत. सहकाऱ्यांनी इंधनाचा खर्च वाटून घेणं निराळं आणि सीटमागे नफा काढणं निराळं. हिशोब खर्चापुरताच ठेवा आणि तो लेखी असू द्या.

ॲपवरच्या पूलिंगचा इतिहास जरा वळणाचा आहे. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी खासगी गाड्यांच्या पूलिंगला परवानगी दिली, पण राज्यांना नाही म्हणायचीही मुभा ठेवली. महाराष्ट्राने जानेवारी २०२३ मध्ये खासगी वाहनांच्या अशा वापराला मनाई केली. मग २०२५ मध्ये भूमिका बदलून परवानाधारक ॲपमार्फत कारपूलिंगला मंजुरी दिली. त्यामुळे ॲप वापरणार असाल तर त्याच्याकडे राज्याचा परवाना आहे का, हे आधी बघा.

सेल्फ ड्राइव्हची गाडी घेताना पाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना, तेही बघत जा. कुणी पांढऱ्या पाटीची स्वतःची गाडी ‘ओळखीत’ भाड्याने देत असेल तर लांब राहा.

सचिव_बालेवाडी

आता माझं दुखणं. आमची सोसायटी मोठी, आणि चार्जरचा विषय निघाला की सर्वसाधारण सभेचं कुरुक्षेत्र होतं. ‘माझ्या मेंटेनन्समधून यांच्या गाडीला वीज का?’ इथपासून ‘बॅटरी पेटली तर?’ इथपर्यंत. जी माहिती काढली ती लिहितो.

स्वतःचं पार्किंग असेल आणि मीटररूममधून तिथवर केबल नेता येत असेल तर घरच्या जोडणीवरून चार्ज करायला केंद्राच्या सूचनांप्रमाणे हरकत नाही. पण घरगुती वापरात युनिटं वाढली की वरचा स्लॅब लागतो, म्हणून गाडी रोज पळणार असेल तर महावितरणकडून ईव्हीसाठी वेगळा मीटर घेतलेला बरा. साधा १५ ॲम्पिअरचा सॉकेट छोट्या गाडीला रात्रभरात पुरतो. अर्थिंग मात्र लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड लावलेला दिसला की मी स्वतः जाऊन काढतो, मग शिव्या खाल्ल्या तरी चालतील.

आम्ही शेवटी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये दोन सामाईक चार्जर बसवले. ज्याने जेवढी वीज घेतली त्याने तेवढे पैसे ॲपवरून भरायचे. तरी भांडण आहेच: चार्ज पूर्ण झाल्यावरही गाडी तिथेच ठेवतात.

औंधचा_अण्णा

ईव्ही घेणाऱ्यांना सरकार किती देतंय तेही लिहा की. जीएसटी ५ टक्के, राज्यात मोटार वाहन कर माफ, २०२५ च्या धोरणात एक्सप्रेसवे, अटल सेतू, समृद्धीवर टोलमाफी. म्हणजे गाडीवाल्याला सवलत, आणि बसने जाणाऱ्याला?

चाकणकर

अण्णा, मुद्दा बरोबर आहे. पण पुण्याचं बोलायचं तर कारपेक्षा दुचाकीकडे बघा. इलेक्ट्रिक स्कूटर शंभर किलोमीटरला तीनेक युनिट घेते. गळती धरून किलोमीटरला २५ ग्रॅमच्या आत. पेट्रोल स्कूटर ४५ चं ॲव्हरेज देत असली तर पन्नासच्या वर. हे शहर दुचाकीवर चालतं, तिथला बदल मोठा. बजाजची इलेक्ट्रिक चेतक तर आकुर्डीतच बनते. दवाखाना, क्लास, भाजी, यातलं बरंचसं स्कूटरवर होतं ना?

मुठाकाठ

सगळ्यांचे आभार. घरी धागा वाचून दाखवला.

दुसरी गाडी सध्या बारगळली. चेअरमनच्या ‘ॲडजस्ट’वर माझा विश्वास नव्हताच. स्कूटर म्हातारी झालीये, ती बदलून इलेक्ट्रिक घेतोय. नवरा कारपूलला तयार झालाय, पण ‘सकाळी बातम्या नकोत’ ही अट त्याला जड जातेय. वारज्यातला एकजण आणि बावधनचा एकजण मिळालेत, दोघे त्याच्याच कंपनीतले. सासूबाईंच्या दवाखान्याला गाडी नेमकी हिंजवडीत असली तर कॅब. महिन्याचे कॅबचे पैसे दुसऱ्या गाडीच्या हप्त्याच्या आसपासही जात नाहीत. सासूबाईंना मात्र कॅब पसंत नाही. एसी लावत नाहीत म्हणे.

तीन_बिऱ्हाडं यांच्यासारखं करायची इच्छा आहे, पण आमच्या मजल्यावर स्वभावाची अडचण आहे. नावं लिहीत नाही, इथे वाचतात.

वाचनमात्र_होतो

एक शंका. आमची इमारत जुनी, पार्किंगमध्ये पॉइंट नाही आणि मी दुसऱ्या मजल्यावर. इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तर चार्ज कुठे करणार?

सचिव_बालेवाडी

काढता येणाऱ्या बॅटरीची स्कूटर मिळते, तशी बघा. वजन दहा किलोच्या आसपास धरा आणि शोरूममध्ये एकदा उचलून दोन जिने चढून बघा, लाजू नका. काही मॉडेलमध्ये अशा दोन असतात. वर नेल्यावर चार्जिंग उघड्या, हवेशीर जागी, कंपनीच्याच चार्जरने. पलंगाखाली किंवा दाराच्या वाटेत नको. आणि पार्किंगमध्ये पॉइंटसाठी सोसायटीला अर्ज आजच द्या, पोच घ्या. सभा व्हायला वेळ लागतो.